बंद दिसतंय, बंद नाही

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघायच्या बेतात होतो आणि दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. नरसीला असतो. नरसी नामदेव, हिंगोलीजवळचं, कयाधूच्या काठावरचं, संत नामदेवांचं जन्मगाव. (नांदेड जिल्ह्यात नायगावकडे आणखी एक नरसी आहे, ते वेगळं. पुण्यात हे समजावून सांगायचा मी नाद सोडला आहे.)

एरवी दादाचा फोन म्हणजे पाच मिनिटं पाऊसपाणी, पाच मिनिटं हळदीचा भाव, मग मुद्दा. या वेळी सरळ म्हणाला, "स्क्रीनवर बंद दाबलं होतं रे. लाल पण झालं होतं. तरी स्क्रू फिरायलाच होता."

"कुणाला लागलं का?"

"नाही. पोराची दस्ती गेली आत. हात वाचला."

मग दोघंही जरा वेळ गप्प. तो गप्प का होता माहीत नाही. मी गप्प होतो कारण तो फोन ठेवायच्या आधीच मला कळलं होतं की हे कुणामुळे झालं असणार. रात्रीच्या हिंगोलीच्या ट्रॅव्हल्समध्ये सीट मिळाली, ती घेतली.

आता थोडं मागे जायला हवं.

आमच्याकडे हळद पुष्कळ. वसमतच्या हळदीला तर जीआय मानांकनही मिळालं आहे. शेतकरी हळद उकरतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून मोंढ्यावर नेतो आणि कट्टे आडत्याच्या पुढ्यात टाकतो. पूड मात्र दुसरीकडे कुठेतरी होते आणि पैसाही तिकडेच होतो. दादाच्या डोक्यात हे बरीच वर्षं होतं. शेवटी 2023 मध्ये त्याने बँकेचं कर्ज काढून गावाच्या शिवारात शेड टाकली. दोन पॉलिशचे ड्रम, चाळणी, एलिव्हेटर, ब्लोअर असं सगळं धरून सात मोटारी. प्रत्येक मोटारीला एक ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारा डबा. या सातांना हुकूम देणारा एक छोटा पीएलसी, आणि त्याच्यावर बोटाने चालणारी एक स्क्रीन.

पॅनेलवाल्याने पॅनेल बसवून दिलं. प्रोग्रामचे तो वेगळे पैसे मागत होता. दादा मला म्हणाला, "तू एवढा सॉफ्टवेअरवाला, तुला नाही का येणार?" आता असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? मी दोन महिन्यांचे वीकएंड घालवून पीएलसीचा प्रोग्राम लिहिला, स्क्रीन बनवली. मोटार चालू की हिरवी, बंद की लाल. सगळे खूश. आत्याने तर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की मशीन आमच्या पोराने केलं. (मशीन इचलकरंजीचं होतं. असो.)

पीएलसी आणि ड्राइव्ह एकमेकांशी बोलतात ते मॉडबसवर. ही भाषा 1979 सालची, मॉडिकॉन नावाच्या अमेरिकन कंपनीची. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीची, आणि अजून जगभर धडधाकट चालू आहे. तिची पद्धत म्हणजे एकशिक्षकी शाळेतली हजेरी. गुरुजी विचारतात, "नंबर तीन?" तीन म्हणतो, "हजर, वेग अमुक, करंट तमुक." विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. दोघं एकदम बोलले की गुरुजींना काहीच कळत नाही. वाक्य संपलं हे ओळखायची खूणही मजेशीर आहे. साडेतीन अक्षरं बोलायला लागतील एवढा वेळ शांतता. 9600 च्या वेगाला हे होतात साधारण चार मिलिसेकंद. मध्येच कुठे खरखर झाली तर शेवटी जोडलेला तपासणीचा आकडा जुळत नाही, आणि ते वाक्य फेकून दिलं जातं.

हे सगळं पळतं एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून. त्या तारांचं स्टँडर्ड आरएस-485, ते 1983 सालचं. यात एका तारेवर किती व्होल्ट आहेत याला किंमत नाही, दोन तारांमधला फरक बघतात. फरक 200 मिलिव्होल्टच्या वर असला की निरोप कळला. बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच चढते, मग वजाबाकीत ती निघून जाते. कल्पना इतकी साधी आणि इतकी चांगली आहे की पहिल्यांदा समजली तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो. (त्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात. काही कंपन्यांची ए ही दुसऱ्यांची बी असते. यात माझा पहिल्या वर्षी एक अख्खा शनिवार गेला.)

तर 2024 चा हंगाम. ड्राइव्ह दिवसातून एकदोनदा 'कम्युनिकेशन फॉल्ट' दाखवून थांबायला लागले. एक थांबला की मागची सगळी लाइन तुंबते. बाहेर ट्रॅक्टर उभे, लोक शिव्या घालतायत, आणि दादा मला मीटिंगमध्ये फोन करतोय, "कामून बंद पडायलंय रे सारखं?"

मी पुण्यातून काय करणार होतो? ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये एक पॅरामीटर सापडला. संपर्क तुटला तर काय करायचं? पर्याय असे: फॉल्ट देऊन थांबा, हळूहळू थांबा, किंवा दुर्लक्ष करा आणि शेवटचा हुकूम होता तसं चालू ठेवा. मी दादाला सांगून सातही ड्राइव्हवर तिसरा पर्याय टाकायला लावला. प्रोग्राममध्ये एका निरोपासाठी तीनदा प्रयत्न होत, ते दहा केले. फॉल्ट गायब! हंगाम सुरळीत पार पडला. परतवारीच्या यात्रेला गावी गेलो तर दादाने पेढ्यांचा बॉक्स दिला. मी तो ऑफिसात वाटला आणि ही गोष्ट 'प्रॉडक्शन इश्यू रिमोटली कसा सोडवला' अशा थाटात सांगितलीही.

खरं तर मी काही सोडवलं नव्हतं. ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं होतं.

शनिवारी सकाळी शेडवर पोचलो तेव्हा लाइन बंदच होती. दादा, चाचा आणि तीनचार कामगार उभे. चाचा म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन. साठीच्या पुढचे, जिनिंगच्या मोटारी भरण्यात आयुष्य गेलेलं. झालं होतं ते असं. यंदा दादाने पूड करायची लाइन जोडली. एक मोठा पल्व्हरायझर आणि त्याच्या खाली पूड पुढे ढकलणारा स्क्रू. म्हणजे दोन ड्राइव्ह वाढले, आठवा आणि नववा. शुक्रवारी दुपारी स्क्रूच्या तोंडाशी पूड अडकून कमान झाली. ऑपरेटरने स्क्रीनवर स्क्रू बंद केला. बटण लाल झालं. पोराने झाकण काढून काडीने पूड ढोसायला सुरुवात केली. वर पिवळी पूड भरलेली, खालची पाती दिसेना. शेजारी पल्व्हरायझरचा आवाज एवढा की कानाशी बोललेलं ऐकू येत नाही. वाकला तशी खांद्यावरची दस्ती आत लोंबली आणि ओढली जायला लागली. त्याने मान काढून घेतली. ऑपरेटरने धावत जाऊन पॅनेलवरचं लाल गड्डा-बटण दाबलं. ते थेट वायरने मेन कॉन्टॅक्टरला जोडलेलं आहे, मध्ये ना पीएलसी ना माझा प्रोग्राम. म्हणून सगळं थांबलं.

दादा चाचांवर चिडला होता. "नवी वायर यांनीच ओढली. त्याच्या आधी असं कधीच नव्हतं."

चाचा काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं. जानेवारीत त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, बेटा, ही बारकी केबल वेगळ्या पाइपातून नेऊ का मोटारीच्या ट्रेतूनच? मी तेव्हा गाडी चालवत होतो. म्हणालो, ट्रेतूनच न्या चाचा, चालतंय.

मी तेव्हाही लगेच बोललो नाही. 'आधी बघू तर द्या' असं काहीतरी म्हणून लॅपटॉप उघडला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

प्रोग्राममध्ये मी फसलेल्या निरोपांचा एक मोजणीचा आकडा ठेवला होता. ठेवला होता आणि कुठेही दाखवला नव्हता! तो वाचला. पहिल्या चार ड्राइव्हला शेकड्यात. पाच ते सातला हजारात. आठ आणि नऊचा आकडा पाच अंकी होऊन पुन्हा शून्यावरून सुरू झालेला दिसत होता. लाइन रिकामी चालवून बघितली. पल्व्हरायझर बंद असताना नववा नीट हजेरी देतो. पल्व्हरायझर सुरू केला की मुका. एकही निरोप धड पोचत नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी सॉफ्टवेअरमध्येच हात घातला. वेग 38400 वरून 9600 वर आणला. थोडा फरक पडला. वाट बघायचा वेळ वाढवला. काहीच नाही. दुपारचे दोन वाजले. चाचा तेवढ्यात घरी जाऊन एक जुना खिशातला रेडिओ घेऊन आले. मीडियम वेव्हवर लावला, केबलच्या ट्रेजवळ धरला आणि पल्व्हरायझर सुरू करायला सांगितला. रेडिओ असा काही किंचाळला की कामगार हसायला लागले. ट्रेपासून हातभर लांब नेला की कमी. चाचा म्हणाले, "जवळ लई गोंगाट आहे बेटा. तुझा निरोप यातून कसा जाणार?"

ड्राइव्ह मोटारीला सरळ वीज देत नाही. सेकंदाला हजारो वेळा कापून कापून देतो, आणि त्या प्रत्येक कापाची धार आजूबाजूच्या तारांवर उडते. मोटारीची केबल आणि निरोपाची केबल वीसेक मीटर एकमेकींना चिकटून गेलेल्या. पण पीळ दिलेल्या जोडीने एवढं तर सोसायला हवं होतं. वजाबाकी होते ना? मग निरोपच मुळात एवढा क्षीण का?

मीटर लावला. सगळी वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजायचा. या केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध लागतो, नाहीतर निरोप टोकावर आपटून परत येतो, विहिरीत ओरडल्यासारखा. दोन टोकं, दोन रोध, समांतर. म्हणजे मीटरवर साठच्या आसपास यायला हवेत.

आले एकतीस.

मी दोनदा मोजलं. चाचांनी आपल्या मीटरने मोजलं. एकतीसच. 120 भागिले चार म्हणजे तीस. टोकं दोन आणि रोध चार! दोन रोध कुठून आले? ड्राइव्हची झाकणं उघडली. आत एक तांदळाएवढा स्विच असतो, त्याने रोध जोडला जातो. जुनी लाइन सातव्यावर संपत होती, म्हणून सातव्याचा स्विच चालू होता, तो बरोबर होता. पण यंदा लाइन पुढे नववीपर्यंत गेली आणि सातव्याचा कुणी बंद केलाच नाही. नव्या दोघांचे स्विचही चालूच. आणि एक पीएलसीचा. झाले चार. चौघांनी मिळून निरोपाचा जोर खाल्ला होता, आणि उरलेला गोंगाटात बुडत होता. त्यात केबलच्या अंगावरची जाळी कुठेच अर्थ केलेली नव्हती, ती पहिल्या वर्षापासूनच लोंबत होती. 2024 चे फॉल्ट बहुधा तिच्यामुळेच होते. ड्राइव्ह तेव्हा खरं बोलत होते.

आमच्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 साली केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली थरथर आजूबाजूच्या गोंगाटातून वेगळी काढायची, हे तिथलं काम. आणि इकडे आम्हाला वीस मीटरवरचं 'थांब' ऐकू येत नव्हतं.

पण केबलचं एवढं सांगून थांबलो तर तुमची फसवणूक होईल. केबल खराब असणं हे काही आक्रीत नाही. केबल खराब होतातच. प्रश्न होता की केबल खराब असताना यंत्र काय करतं, आणि त्याचं उत्तर पूर्णपणे मी लिहिलेलं होतं.

एक तर तो पॅरामीटर. संपर्क तुटला तरी चालत राहा. नव्या दोन ड्राइव्हमध्ये चाचांनी माझ्याच सांगण्यावरून जुन्याचे पॅरामीटर कॉपी केले, त्याबरोबर हाही गेला. दुसरं, 'थांब' हा हुकूम मी फक्त बटण दाबल्यावरच पाठवत होतो. दहा वेळा. दहाही गेले की विषय संपला, प्रोग्राम पुढच्या नंबराकडे. बिनकामाचं ट्रॅफिक नको म्हणून! आणि तिसरं, ज्याने माझी रात्रीची झोप उडवली ते हे. स्क्रीनवरचा लाल रंग ड्राइव्हला विचारून येत नव्हता. बटण दाबलं की लाल, बस.

वेबवाल्यांना हे लगेच ओळखू येईल. आपण याला ऑप्टिमिस्टिक यूआय म्हणतो. लाइकचं बटण दाबलं की ते आधीच निळं करायचं, सर्व्हरला सावकाश कळवायचं. नाही पोचलं तर कुणाचं काय बिघडतं? एक लाइक जातो. ती सवय, ते 'रिट्राय करा आणि एरर गिळा', मी जसंच्या तसं उचलून हळदीच्या स्क्रूवर बसवलं होतं. रिव्ह्यूमध्ये कुणी अडवलं असतं का? माझा रिव्ह्यू करायला होतं कोण, आत्या?

2010 साली उघडकीला आलेला स्टक्सनेट आठवतो? इराणच्या नतांझमधल्या सेंट्रिफ्यूजवर सोडलेला. तो नेमका याच जागी बसला होता, कंट्रोलर आणि मोटारीचे ड्राइव्ह यांच्यामध्ये. तिथली फील्डबस होती प्रोफिबस. फिनलंडच्या एका आणि इराणच्या एका कंपनीचे ड्राइव्ह शोधायचा, ते 807 ते 1210 हर्ट्झमध्ये फिरतायत का बघायचा, आणि मग गुपचूप वेग बदलायचा. स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल. तिथे खोटं बोलणारी स्क्रीन बनवायला कुणीतरी प्रचंड मेहनत आणि पैसा घातला होता. मी ती फुकट, वीकएंडला, चांगल्या हेतूने बनवली होती.

चार वाजता चहा आला. दादा पुन्हा चाचांना काहीतरी बोलायला लागला. मी म्हणालो, "दादा, चाचांनी विचारलं होतं मला. मीच म्हणालो ट्रेतून न्या. आणि वायर जरी चांगली असती ना, तरी कधी ना कधी हे झालंच असतं. मागच्या वर्षी तुला जो आकडा बदलायला लावला, तो बदलायचा नव्हता. आणि तो लाल रंग खोटा आहे. मीच तसा लिहिलाय."

दादाला आधी कळलंच नाही. "खोटा म्हणजे?"

"म्हणजे बटण दाबलं एवढंच ते सांगतं. मोटार थांबली का, ते सांगत नाही."

"मग दोन वर्षं आम्ही काय बघायलो होतो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादा उठून बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. चाचांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला. बस.

पुढचं काम तसं कंटाळवाणं आहे, भराभर सांगतो. नांदेडहून जाळीची केबल आणवली. ती रात्री आली. रविवारी पहाटेपासून चाचांनी वेगळ्या पाइपातून ओढली, मोटारीच्या केबलपासून लांब, आणि जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. जाळी पॅनेलच्या बाजूला अर्थ केली. सातव्या आणि आठव्याचे स्विच बंद. मीटरवर एकसष्ट. मी नऊच्या नऊ ड्राइव्हचा पॅरामीटर 'फॉल्ट देऊन थांबा' वर आणला. 'थांब' आणि 'चाल' आता दर फेरीत पाठवले जातात, बदल असो नसो. स्क्रीनवरचा रंग ड्राइव्हने स्वतः सांगितल्यावरच बदलतो, आणि तो काहीच सांगत नसेल तर करडा होतो, वर मोठं प्रश्नचिन्ह. फसलेल्या निरोपांचा आकडा पहिल्याच पानावर. आणि या सगळ्यावर विश्वास नको म्हणून स्क्रूच्या शेजारी एक लाल गड्डा-बटण आणि एक कुलूप लावायचा स्विच, सरळ वायरने. झाकण काढायचं तर आधी कुलूप, किल्ली खिशात. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. खर्च दादाच्या एका कट्ट्याच्या हळदीपेक्षाही कमी.

रविवारी दुपारी त्या पोराची आई हजेरीचे पैसे न्यायला आली. पोरगं आलं नव्हतं. ती म्हणाली, तो म्हणतो येतो, मीच पाठवत नाही. दादाने तिला नवं बटण दाखवलं, कुलूप दाखवलं. तिने ते बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मशीन कुणी केलंय, तुम्हीच का?"

"हो मावशी. चूक माझी होती."

तिने जरा वेळ स्क्रूकडे बघितलं. "आता ऐकतंय का ते?"

मी ऑपरेटरला सांगून स्क्रू चालू करायला लावला. मग पल्व्हरायझर. मग तिलाच म्हणालो, दाबा तुम्ही. तिने पदराने बोट पुसून स्क्रीनवर बंद दाबलं. बटण करडं झालं. एक सेकंद, दीड सेकंद. मग लाल. झाकणाच्या फटीतून आम्ही दोघांनी वाकून बघितलं. पाती थांबली होती. तिने पैसे मोजून कमरेला खोचले आणि गेली. पोराला पाठवते असं काही म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी पुण्यात स्टँडअपमध्ये होतो तर दादाचा फोन. "बंद पडलं रे. सहावा. प्रश्नचिन्ह आलंय. ट्रॅक्टर उभे आहेत."

"चाचांना बघायला सांग."

"तो आकडा... मागच्यासारखा नाही का करता येत तात्पुरता?" मग स्वतःच म्हणाला, "नको. राहू दे."

पस्तीस मिनिटं लाइन बंद होती. सहाव्याच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला निघाला. चाचांनी आवळला.